वायरबुशची भट्टी

मीनल_बॉन

माझे आजोबा आमच्या गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते. सोसायटीच्या पत्र्याच्या पाटीवर नावाच्या शेवटी ‘मर्या.’ असं लिहिलेलं असायचं. मी एकदा त्यांना त्याचा अर्थ विचारला. म्हणाले, मर्यादित. सोसायटी बुडाली तर सभासदाचा जेवढा शेअर तेवढंच त्याचं बुडतं. मग अमर्यादित सोसायटीपण असते का? ‘असायची, माझ्या वडलांच्या वेळी,’ एवढंच ते म्हणाले आणि खतावणीत डोकं घातलं. त्या प्रश्नाचं पुरतं उत्तर मला तीसेक वर्षांनी जर्मनीतल्या एका खेड्यात मिळालं. ते इथे नीट लिहून ठेवावं म्हणून हा धागा.

गावाचं नाव वायरबुश. ऱ्हाइन नदीच्या पूर्वेला वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथे आल्टनकिर्शेन जिल्ह्यात. कोलोनहून फ्रँकफुर्टकडे जाणारा जुना रस्ता, आताचा बी ८, गावाच्या मधूनच जातो. वस्ती दीड हजाराच्या आसपास. उंचसखल कुरणं, मधे मधे जंगलाचे पट्टे, आणि डोंगरावरून येणारा बोचरा वारा. एप्रिलमध्येसुद्धा कान झाकावे लागतात. माती फार उदार नाही. राय (गव्हासारखं एक धान्य), ओट आणि बटाटा ही इथली जुनी पिकं. त्यात वाटण्यांची रीत अशी की बाप गेला की जमीन सगळ्या मुलांत विभागायची. दोन-तीन पिढ्यांत पट्टे इतके अरुंद झाले की नांगर वळवायला शेजाऱ्याच्या रानात शिरावं लागे. हे वाचून कुणाला आपलं गाव आठवलं तर नवल नाही.

१८४५ साली या भागाला नवा बुर्गरमायस्टर मिळाला. हा शब्द ‘महापौर’ असा भाषांतरित करतात तेव्हा फसगत होते. वायरबुश आणि भोवतालची लहान गावं मिळून एक कारभार होता आणि त्यावर प्रशियाच्या सरकारने नेमलेला हा अधिकारी. पगार बेताचा, काम मामलेदाराचं. माणूस पंचविशी ओलांडलेला, नाव फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन. जन्म जवळच्याच हाम गावचा, ३० मार्च १८१८ चा, नऊ भावंडांतला. सतराव्या वर्षी तोफखान्यात गेला, पण डोळ्यांच्या आजारामुळे सैन्य सोडावं लागलं.

तो आला आणि वर्षभरात दुष्काळ आला. युरोपभर बटाट्यावर करपा पडला होता, आणि १८४६ मध्ये रायचं पीकही बुडालं. गरिबाच्या ताटातल्या दोन्ही गोष्टी एकदम गेल्या. १८४६-४७ चा हिवाळा लांबला, कडक पडला. रायफायझनने वर धान्य मागितलं आणि सरकारने पीठ पाठवलंही, पण अट घातली: रोख पैसे देईल त्यालाच द्यायचं. ज्याच्या घरी दिवसच्या दिवस चूल पेटत नाही त्याच्याकडे रोकड कुठली? रायफायझनने सरकारी हुकूम बाजूला ठेवला, गावात समिती केली आणि पीठ उधारीवर वाटलं. मग त्याने खाऊन-पिऊन सुखी घरांना पैसे घालायला लावले, त्या पैशांतून आणखी धान्य आणलं आणि गावासाठी भट्टी बांधली. ही मंडळी म्हणजे वायरबुशचा ‘ब्रोडफेराइन’, पावमंडळ म्हणू या. भट्टीतला पाव बाजारापेक्षा बराच स्वस्त, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला चिठ्ठीवर. पीक आलं की फेडायचं.

भट्टी आज पुन्हा उभी केलेली आहे. मी गेले तेव्हा बंद होती, पण लोखंडी दारापाशी बराच वेळ थांबले. दगडी, ठेंगणी खोली, आपल्याकडच्या गुऱ्हाळाच्या चुलवणाएवढी. एवढ्याशा जागेत पंचक्रोशीचा हिवाळा निभावला.

१८४८ मध्ये त्याची बदली जवळच्याच फ्लामर्सफेल्डला झाली. तिथे तो राहायचा ते लाकडी चौकटींचं, मधे माती भरून चुना काढलेलं घर आता संग्रहालय आहे. या गावातलं दुखणं वेगळं होतं. लहान शेतकऱ्याकडे स्वतःची गाय नसायची. व्यापारी त्याच्या गोठ्यात गाय बांधून जायचा, चारापाणी शेतकऱ्याचं, वासरू आणि नफा वाटून. गाय दूध देऊ लागली, अंगावर आली, की व्यापारी ती उचलून नेणार आणि दुसरी हडकुळी आणून बांधणार. वर दाणे, बियाणं आणि पैसा, सगळं चढ्या व्याजाने. रायफायझनने १८४९ मध्ये साठेक सधन लोकांना एकत्र आणून मंडळ काढलं. मंडळ गाय विकत घेऊन शेतकऱ्याला द्यायचं, पैसे पाच वर्षांत हप्त्याने. पण मंडळाकडे गाई घ्यायला पैसे आले कुठून? कर्ज काढून. आणि त्या कर्जाला तारण काय? इथे माझ्या आजोबांचा शब्द आला. त्या साठ लोकांनी लिहून दिलं की मंडळ बुडालं तर आम्ही प्रत्येक जण आमच्या सगळ्या मालमत्तेनिशी जबाबदार आहोत. घर, शेत, गुरं, सगळं. अमर्यादित.

माझं म्हणणं असं की ही गोष्ट त्या गावाच्या लहानपणामुळे जमली. शंभर उंबऱ्यांत कुणाची गाय व्यायली, कुणाच्या मुलाला दारूचा नाद लागला, कोण शब्दाला जागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढेही रायफायझन हट्टाने सांगत राहिला की एका पतसंस्थेचं क्षेत्र एका चर्चच्या गावकीपुरतंच हवं. त्याला मोठी संस्था नको होती. एकमेकांचं तोंड रोज बघणारी माणसं हेच तारण, असा तो हिशेब होता.

तुमच्यापैकी कुणी या भागात राहिलं असेल, कुणी सोसायटीत काम केलं असेल, तर जरूर लिहा.


शेतकरी_राहुरी

ताई, धागा मनापासून आवडला. गाईचा प्रकार वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे याला ‘अर्धलीनं देणं’ म्हणतात आणि शेळ्यांच्या बाबतीत अजूनही चालतं. पण आमच्या अर्धलीत जनावर मधेच उचलून नेत नाहीत, निदान नेऊ नये असा संकेत आहे. माणूस ओळखीतला असतो ना.

मी प्रवरेच्या पाण्यावर वाढलो. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना बरोबर घेऊन १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा केला, ती गोष्ट आम्हाला शाळेपासून पाठ. जर्मनीतल्या या माणसाचं नाव मात्र मी सहकाराच्या पदविकेच्या वेळी एका ओळीत वाचलं होतं, तेही परीक्षेपुरतं. त्या ओळीमागे भट्टी आणि गाय होती हे आज कळलं.

एक विचारतो. तिथल्या शेतीचं आता काय? तुकडे तसेच आहेत?


मीनल_बॉन

दादा, तुकडे तसे राहिले नाहीत. जर्मनीत ‘फ्लूरबेराइनिगुंग’ म्हणून जमीन एकत्रीकरणाचा कार्यक्रम गावोगाव झाला. सगळ्यांचे पट्टे एका नकाशावर मांडायचे, पुन्हा मोजायचे आणि प्रत्येकाला तेवढ्याच मोलाची जमीन सलग द्यायची. रस्ते नव्याने आखले. कित्येक ठिकाणी त्यात जुने बांध आणि झुडपांच्या रांगा गेल्या, त्याची हळहळ जुन्या लोकांना आहे.

शेतकरी मात्र उरले थोडे. अख्ख्या देशात आता अडीच लाखांच्या आसपास शेतं आहेत, आणि कुटुंबाने चालवलेल्या शेतांपैकी निम्म्याहून अधिक जोडधंदा म्हणून चालतात. वेस्टरवाल्डसारख्या भागात माणूस दिवसा कारखान्यात किंवा कचेरीत असतो, संध्याकाळी आणि शनिवारी ट्रॅक्टरवर. मला रस्त्यात भेटलेले एक आजोबा गवताच्या गाठी रचत होते. सुनेच्या नोकरीवर घर चालतं आणि गाई माझ्या मनासाठी आहेत, असं त्यांनी अगदी सरळ सांगितलं. कुरणं हिरवीगार दिसतात, पण गोठे बरेच रिकामे आहेत.


जुनी_पाने

लेख चांगला आहे, पण दोन दुरुस्त्या सुचवतो, रागावू नका.

पहिली: वायरबुशचं पावमंडळ आणि फ्लामर्सफेल्डचं गायमंडळ ही सहकारी संस्था नव्हती. देणारे सधन, घेणारे गरीब, आणि घेणारे सभासद नव्हते. तो दानधर्माचाच संघटित प्रकार होता. रायफायझन १८५२ मध्ये नॉयवीडजवळच्या हेडेसडॉर्फला गेला. तिथे १८५४ मध्ये काढलेलं मंडळही आधी धर्मादायच होतं: अनाथ मुलं, तुरुंगातून सुटलेली माणसं, गावचं वाचनालय, असं बरंच काही त्याने अंगावर घेतलं. हळूहळू सधन मंडळींचा उत्साह आटला. दुसऱ्याच्या कर्जासाठी स्वतःचं घर किती वर्षं पणाला लावायचं? तेव्हा रायफायझनला कळून चुकलं की कर्ज घेणाऱ्यानेच सभासद व्हायला हवं, त्यानेच जबाबदारी उचलायला हवी. १८६२ मध्ये आनहाउझन या खेड्यात आणि १८६४ मध्ये हेडेसडॉर्फमध्ये ज्या कर्जसंस्था निघाल्या त्या खऱ्या अर्थाने सहकारी. म्हणजे भट्टीपासून तिथवर पोचायला या माणसाला पंधरा-सतरा वर्षं लागली. मला तर हा उशीरच त्याच्या चरित्रातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. पहिल्या फटक्यात काहीच जमलं नव्हतं.

दुसरी: एकत्र येण्याची सवय त्या मुलखाला रायफायझनने लावली नाही. शेजारच्या झीगरलांडमध्ये आणि आल्टनकिर्शेन जिल्ह्याच्या काही भागात ‘हाउबेर्ग’ ही फार जुनी पद्धत आहे. डोंगरउतारावरचं ओक आणि बर्चचं रान गावाच्या सामाईक मालकीचं. दर वर्षी एकच पट्टा तोडायचा, सोळा-वीस वर्षांनी त्याच पट्ट्याची पाळी पुन्हा. ओकची साल कातडी कमावायला, लाकडाचा कोळसा लोखंडाच्या भट्ट्यांना, तोडलेल्या जागेवर एक हंगाम राय, मग गुरांना चराई. बुंध्यातून फुटवे येतात, रान पुन्हा उभं राहतं. वाटा चिठ्ठ्या टाकून ठरायचा. पिढ्यान् पिढ्या हे चालवणाऱ्या लोकांना ‘सामाईक’ म्हणजे काय ते शिकवायची गरज नव्हती.


मीनल_बॉन

रागावणं कसलं, ही दुरुस्ती मला हवीच होती. मी भट्टीच्या प्रेमात पडून पुढच्या अठरा वर्षांना दोन ओळींत गुंडाळलं. मूळ लेख बदलत नाही, म्हणजे तुमचा प्रतिसाद त्याच्या खाली वाचला जाईल.


प्राची_कु

हे सगळे बुर्गरमायस्टर, व्यापारी, साठ सधन पुरुष. पाव भाजत कोण होतं? कणीक तर बायकाच मळत असणार. त्यांच्याबद्दल काही सापडलं का?


मीनल_बॉन

प्राची, हा प्रश्न मलाही तिथे उभं राहिल्यावर पडला.

त्या भागात गावच्या भट्टीला बोलीत ‘बाकेस’ म्हणतात. घराघरांत भट्ट्या पेटवल्या तर लाकडी घरांना आग लागायची, म्हणून कित्येक ठिकाणी अधिकाऱ्यांनीच गावाबाहेरच्या अंगाला एक सामाईक भट्टी बांधायला लावली. भाजणीचा दिवस ठरलेला आणि पाळी चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठ्या कशाला? कारण पहिल्या नंबरला थंड भट्टी तापवावी लागते, लाकूड दुप्पट जळतं. दुसरी, तिसरी बाई आयत्या तापलेल्या दगडांवर भाजून जाते. दर वेळी तीच बाई पहिली आली तर तिच्या घरचं सरपण संपेल. मला हे कळलं तेव्हा आपल्याकडची पाण्याची पाळी आठवली.

रायचा आंबवलेला पाव आठ-पंधरा दिवस टिकतो, म्हणून एका वेळी पाच-सहा मोठे पाव भाजून ठेवायचे. विस्तव ओढून काढायचा, ओल्या फडक्याने दगड पुसायचे, लांब दांड्याच्या फळीने पाव आत सारायचे. पाव निघाले की उरलेल्या उष्णतेवर बटाट्याचे किंवा सफरचंदाचे पदार्थ, आणि शेवटी फळांच्या फोडी सुकवायला. भट्टीपाशी गावभरच्या बातम्या एकत्र यायच्या हे सांगायला नकोच.

त्याच मुलखातला ‘डॉपेकोखे’ हा पदार्थ मी स्वतः करते. किसलेला बटाटा, कांदा, अंडी, दुधात भिजवलेला शिळा पाव, हे सगळं जाड बिडाच्या भांड्यात घालून तास-दीड तास भट्टीत, वरून काळपट खरपूस होईपर्यंत. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा सण असतो. ज्याला परवडे तो हंस भाजायचा, ज्याला परवडत नसे तो हे करायचा. आता सगळेच आवडीने करतात.

आणि एक बाई जी इतिहासात अर्धवटच दिसते: अमाली, रायफायझनची थोरली मुलगी. त्याची पत्नी १८६३ मध्ये गेली आणि त्याचे डोळे जवळजवळ निकामी झाले. मग पत्रव्यवहार, मसुदे, हिशेब, सगळं अमालीच्या हातून जायचं. १८६६ मध्ये त्याने कर्जसंस्था कशा चालवाव्यात यावर पुस्तक काढलं, तेव्हा ती वीस वर्षांची होती. गावोगावच्या संस्थांना गेलेल्या पत्रांत अक्षर तिचं आणि सही बापाची, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.


समीर_व

एक अप्रिय गोष्ट लिहितो, कारण ती टाळून हा धागा पुरा होणार नाही.

‘व्यापारी’ म्हणून तुम्ही जो शब्द वापरला, त्या काळी पश्चिम जर्मनीच्या खेड्यांत गुरांचे व्यापारी बऱ्याच ठिकाणी ज्यू होते. शतकानुशतकं त्यांना जमीन घ्यायची आणि कारागिरांच्या श्रेणींत शिरायची बंदी होती, मग उरलेले धंदे म्हणजे गुरं, फेरी आणि उसनवारी. रायफायझन श्रद्धाळू प्रोटेस्टंट होता आणि त्याच्या लिखाणात-बोलण्यात ज्यूंबद्दलचा पूर्वग्रह स्पष्ट दिसतो. व्याजखोरी ही एका जमातीचीच खोड आहे असा सूर. ख्रिस्ती सावकार काही कमी नव्हते. अलीकडे जर्मन अभ्यासकांनी हे उघडपणे मांडलं आहे.

आणि त्या मुलखाचा पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. आल्टनकिर्शेनचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, नोव्हेंबर १९३८ मध्ये नष्ट केलं गेलं. ‘एकमेकांना ओळखणारं लहान गाव’ हे तारण असतं हे मान्य, पण त्या गावात कुणाला आपलं मानायचं हेही तेच गाव ठरवत होतं.


मीनल_बॉन

समीर, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी ‘व्यापारी’ लिहून पुढे गेले, आणि तो शब्द मी जाणूनबुजून मोघम ठेवला होता हे कबूल करते. संग्रहालयातल्या त्या घरात उभं राहून मन भरून आलं होतं, त्याला धक्का लागू नये असं वाटलं. तसं करायला नको होतं.

तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस विचार करतेय. माझा मुद्दा मी सोडत नाही, पण आता तो अर्धा आहे हे कळतंय. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे कुणाला बाहेर ठेवायचं हेही सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्याला कागद लागत नाही.


जुनी_पाने

समीर यांच्या मुद्द्याला जोडून आपल्याकडची बाजू लिहितो, कारण हा धागा तिकडूनच सुरू झाला होता.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले आणि बघता बघता पुणे-नगरच्या गावांत ते लोण पोचलं. मारहाणीपेक्षा कर्जरोखे हिसकावून जाळण्यावर भर होता. सावकार पुष्कळदा मारवाडी आणि गुजर, म्हणजे इथेही राग एका जमातीवर गेला. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, पण सावकाराला आवर घातला म्हणजे शेतकऱ्याला पैसा मिळतो असं नाही. मग मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या शेती-पतपुरवठ्याचा अभ्यास करायला लावलं. त्याने १८९५ ते १८९७ मध्ये जाडजूड अहवाल दिला, त्याचं सार दोन शब्दांत: ‘रायफायझन शोधा’.

१९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा त्यातून आला. त्यात हे सगळं वायरबुश-हेडेसडॉर्फचं सामान दिसतं. किमान दहा माणसं, एकाच गावची. ग्रामीण संस्थेची जबाबदारी अमर्यादित. नफा वाटायचा नाही, तो गंगाजळीत. मुंबई इलाख्यात गदगजवळच्या कणगिनहाळला १९०५ मध्ये निघालेली सोसायटी त्या अगदी पहिल्या संस्थांपैकी. पण त्याच कायद्यात आणखी एक सोय होती: सभासद एका गावचे नसले तर एका जातीचे किंवा जमातीचे चालतील. जर्मनीत चर्चची गावकी होती, इथे त्या जागी जात बसवली. समीर म्हणतात ते दार इथे कायद्यानेच ठेवलं होतं.

मीनलताईंच्या आजोबांच्या ‘मर्या.’चं उत्तर असं: गोरवाला समितीने १९५४ मध्ये ग्रामीण पतपाहणीचा अहवाल दिला. लहान गावच्या लहान सोसायट्या अशक्त आहेत, मोठ्या करा, जबाबदारी मर्यादित करा, सरकारचं भांडवल घाला, असं त्यात होतं. त्यानंतर पाट्या बदलत गेल्या.


अनघा_फ्रांकेन

मी बव्हेरियाच्या उत्तरेला सहाशे वस्तीच्या गावात राहते, नवरा इथलाच. तुमचा धागा वाचून इथलं थोडं लिहिते.

गावात बँकेची शाखा होती, ती बंद झाली. देशात १९७० च्या सुमारास सात हजारांवर सहकारी बँका होत्या, आता सातशेही नाहीत. एकमेकींत विलीन होत गेल्या. शाखेच्या जागी आधी यंत्र आलं, मग यंत्रही गेलं. आमच्या सासूबाई ऐंशीच्या आहेत, त्यांना पैसे काढायला कुणीतरी गाडीतून न्यावं लागतं. रायफायझनचं नाव मात्र जागोजागी आहे: खत-बियाण्यांच्या दुकानावर, रस्त्यांच्या पाट्यांवर. त्या दुकानावरचं चिन्ह पाहिलंय का? घराच्या आढ्यावर एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन घोड्यांचे मुखवटे. जुन्या शेतघरांच्या छपरावर घराच्या रक्षणासाठी तसे लावायचे.

पण गाव मेलं नाही हे मी छातीठोक सांगेन. अग्निशमन दल पूर्णपणे स्वयंसेवकांचं आहे. भोंगा वाजला की माझा दीर जेवणावरून उठतो, शेजारची नर्स उठते, शाळकरी पोरं त्यांच्या मागे शिकायला. मी इथे आले तेव्हा भाषा येत नव्हती. दलाच्या वार्षिक जेवणाला मला बटाटे सोलायला बसवलं आणि त्या चार तासांत मी अर्ध्या गावाची नावं शिकले. गेल्या साली मी स्वतः सभासद झाले. किराणा दुकान बंद पडलं तेव्हा शेजारच्या गावाने घरटी भाग घालून दुकान चालवायला घेतलं. तिथे दूध, पाव आणि भाजी मिळते, आणि कॉफीच्या टेबलावर म्हातारी मंडळी अकरापर्यंत बसलेली असतात.


शेतकरी_राहुरी

अनघाताई, बटाटे सोलून सभासद झालात हे फार आवडलं. आमच्याकडे सप्त्याच्या पंगतीला नव्या सुनेला असंच पोळ्या लाटायला बसवतात.

जुनी_पाने, अमर्यादितवर एक शंका. एकाने बुडवलं तर बाकीच्यांची घरं जाणार. मग कर्ज मंजूर करताना लोक भीत नसतील?


जुनी_पाने

भीत होते, आणि तीच त्यातली मेख होती. शेजाऱ्याचं कर्ज कशाला लागलं हे बघायला लोक बांधावर जायचे. गाईसाठी घेतलेले पैसे लग्नात उडवले तर पहिला जाब शेजारी विचारायचा. संस्थेचं काम पाहणाऱ्यांना पगार नाही, फक्त हिशेबनीसाला थोडा मोबदला. शहरी पतसंस्थांचा पुढारी शुल्झे-डेलिच याचा मात्र या पद्धतीला कडक विरोध होता. लोकांच्या कधीही काढता येणाऱ्या ठेवी घ्यायच्या आणि शेतकऱ्याला पाच-दहा वर्षांचं कर्ज द्यायचं, हे धोक्याचं आहे असं तो म्हणायचा. आक्षेप खोटा नव्हता. पण गाय काही तीन महिन्यांत फिटत नाही, हे रायफायझनचं उत्तरही खरं होतं.


दत्ताकाका

मी या ठिकाणी सहसा लिहीत नाही, नात टाइप करून देते आहे. वय ८४.

आमच्या वाडीच्या सोसायटीत मी बारा वर्षं चेअरमन होतो. जुनं लोखंडी कपाट सोसायटीच्या नव्या इमारतीत जिन्याखाली पडून आहे. मीनल, तुझं वाचून मी परवा सचिवाला घेऊन ते उघडलं. वाळवीने बरंच खाल्लंय, पण एक सभासद रजिस्टर शाबूत निघालं. वर मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरात सोसायटीचं नाव, आणि त्याखाली वेगळ्या ओळीवर ‘अमर्यादित जबाबदारी’.

पहिल्या पानावर चौदा नावं. नऊ जणांच्या सह्या, पाच अंगठे. प्रत्येकाच्या पुढे जमीन, बैल, विहीर, घर किती खणांचं ते लिहिलेलं. एकाच्या पुढे ‘बैल एक, दुसरा भावाचा’ असंही आहे. चौदातली अकरा घरं एकाच भावकीची. महारवाड्यातलं, मांगवाड्यातलं नाव त्या पानावर एकही नाही. समीर म्हणतो ते मी आधी वाचलं नसतं तर हे माझ्या लक्षातही आलं नसतं, बारा वर्षं मी त्याच कपाटाशेजारी बसलो होतो. त्या वस्तीतली नावं खूप पुढच्या पानांवर येतात.

चौथ्या पानावर एका खोडलेल्या नावापुढे शेरा आहे, ‘मयत, बाकी भावांनी फेडली’. तो माझा चुलत आजा. घरात कुणी कधी बोललं नव्हतं.


मीनल_बॉन

काका, नमस्कार. हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

ते रजिस्टर आधी कपाटातून बाहेर काढा, कोरड्या जागी ठेवा. कडुनिंबाचा पाला घालून सुती कापडात बांधलंत तरी चालेल. पानं जोर लावून सुटी करू नका. नातीला सांगून प्रत्येक पानाचा उजेडात फोटो काढून घ्या. इथे टाकणार असाल तर नावं झाकून टाका, त्या घरांतली माणसं अजून गावात असतील. पहिलं पान आणि ते ‘बैल एक, दुसरा भावाचा’ मला बघायचं आहे.

ज्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून वायरबुशला कसं जायचं विचारलं त्यांच्यासाठी: कोलोनहून झीग नदीच्या खोऱ्यातून जाणारी गाडी आऊ स्टेशनपर्यंत जाते, तिथून आल्टनकिर्शेनची छोटी गाडी, पुढे बस. रविवारी बस विरळ असते, शनिवारी जा. भट्टी कधी पेटवणार ते गावच्या कचेरीत आधी विचारून घ्या.